फावडं हातात घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच अंगणात उभा राहिलो. डीकनच्या नातवाने तुला बोलावलं! जुलैतल्या त्यांच्या रियुनियनला, म्हणजे सगळं कुटुंब जमतं त्या मेळाव्याला, आणि तेही मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत पिटवर, बार्बेक्यूसाठी अख्खं डुक्कर भाजायच्या भट्टीवर, बसायला. सात वर्षांची होतीस तेव्हा त्याच शेतावर कॉर्नब्रेडचा तुकडा हातात घेऊन पिटाभोवती धावायचीस आणि मी ओरडायचो, पत्रा तापलाय, लांब राहा. आता त्याच पत्र्याखालची आच तुझ्या हवाली होणार.

तू दोन गोष्टी विचारल्यास. थर्मामीटर कोणता घेऊ, ही एक. आणि फोन ठेवता ठेवता, आवाज जरा खाली आणून, दुसरी: "काका, हे त्यांचं आहे ना? मी हात लावणं बरं दिसेल का?" पहिल्याचं उत्तर फोनवरही देता आलं असतं. दुसऱ्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

मी तिथे कसा पोचलो ते तुला कुणी सांगितलेलं नसणार. मी इचलकरंजीचा, मागांच्या खडखडाटात वाढलेला. १९८४ साली रॅलीला नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात टेक्स्टाइल शिकायला आलो आणि शिक्षण संपल्यावर पूर्वेकडच्या एका गिरणीत लागलो. तिथे एक जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचे. बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन, म्हणजे चर्चची सेवा बघणारे मानकरी होते, म्हणून लहानथोर सगळे त्यांना डीकनच म्हणायचे. एका शुक्रवारी पाळी संपताना त्यांनी मला विचारलं, उद्या रात्री काय करतोस? काहीच नाही, म्हटलं. मग लाकडं रचायला ये, म्हणाले. एवढंच. जेवायला ये, असं म्हणाले नाहीत, आणि हे मला पुढे फार महत्त्वाचं वाटलं. जेवायला पाहुणा बोलावतात.

शेतात सिमेंटच्या ठोकळ्यांची कंबरेएवढी चौकट, तिच्यावर लोखंडी गज, गजांवर पाठीच्या कण्यातून चिरून पुस्तकासारखं उघडलेलं अख्खं डुक्कर, मांसाची बाजू खाली, कातडी वर. त्यावर पत्रा. दहा पावलांवर एक पिंप होतं. पिंपाच्या मध्यावर आरपार गज घातलेले, त्या गजांवर ओक आणि हिकरीचे ओंडके जळत होते, आणि निखारे गजांमधून तळाशी पडत होते. तळाला कापलेल्या तोंडातून ते फावड्याने काढायचे आणि पिटात नेऊन पसरायचे. माझ्या आजोळी गुऱ्हाळ होतं. रात्री चुलवणात चिपाड सारणाऱ्या माणसाशेजारी मी बसून असायचो. काहिलीत काय चाललंय ते त्याला दिसायचं नाही, गुळव्याच्या हाकेवर तो आच कमीजास्त करायचा. गुळाचं नाव गुळव्याचं व्हायचं, पण आचेवरचा माणूस पेंगला तर सगळा रस वाया. डीकनच्या पिटवर मला पहिल्या रात्रीपासून परकं वाटलं नाही ते त्यामुळे.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की कर: तुला आचेवर बसवलंय. पिटमास्टर तो नातू आहे. पाचेक तास तो झोपेल, आणि त्याने झोपावं म्हणून तू तिथे आहेस.

आता कामाचं.

निखारे सगळीकडे सारखे टाकायचे नाहीत. मांड्या आणि खांदे जाड, त्यांच्याखाली जास्त. मधे बरगड्या आणि पोट, तिथलं मांस पातळ आणि चरबी भरपूर, तिथे जवळजवळ नाहीच. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी चारही कोपऱ्यांत थोडे थोडे. फावडं भरून ओतू नकोस, झटकून पसर, आपण ओट्यावर पीठ भुरभुरतो तसं. पत्र्याखाली २२५ ते २५० अंश फॅरनहाइट ठेवायचं असतं. आणि पिंपाकडे बघताना घड्याळ एक तास पुढे धरून चाल: आत्ता टाकलेला ओंडका पाऊण-एक तासाने निखारा देणार. निखारे संपल्यावर लाकूड टाकणारा माणूस रात्रभर हातघाईवर येतो आणि मग घाईत जळतं लाकूडच पिटात सारतो. त्याने पांढरा दाट धूर होतो आणि मांस कडवट लागतं. या पद्धतीत चव लाकडाच्या ज्वाळेतून येत नाही. निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडतो, त्याचा धूर होतो आणि तो वर जातो, ती चव.

तो थेंब ऐकायला शीक. रात्री दोननंतर शेतावर काही आवाज नसतो. पत्र्याजवळ उभी राहिलीस की चर्र... मग क्षणभर काही नाही... मग चर्र. असं असेल तर सगळं ठीक. चर्र-चर्र-चर्र अखंड सुरू झालं तर आच चढली, मधले निखारे फावड्याने बाजूला ओढ. काहीच ऐकू येईना तर पिट थंडावतोय. डीकन खुर्चीत डोळे मिटून बसायचे, आम्हाला वाटायचं झोप लागली. आणि एकदम म्हणायचे, डाव्या मांडीखाली टाक.

थर्मामीटर साधा घे, चटकन आकडा दाखवणारा. खांद्याच्या सगळ्यात जाड भागात खुपस, हाडाला टेकू देऊ नकोस. तो आकडा चढत चढत १५० ते १७० च्या मधे कुठेतरी येऊन थांबेल. एक तास, दोन तास, कधी त्याहून जास्त. नवी माणसं इथेच घाबरतात आणि निखारे वाढवतात. माठातलं पाणी गार का राहतं ते तुला माहीत आहे. पाणी झिरपतं, वाळतं, आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. मांसाचंही तेच होतं: आतलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाळत असतं, तुझी सगळी आच त्यात खर्च होते. थांबायचं. याच वेळात आत कोलॅजन विरघळून जिलेटिन होत असतं, पायाचं सूप उकळलं की ओठ चिकटतात ना, तेच. काट्याने ओढलं की खांदा सुटा व्हावा, यासाठी तो १९५ च्या पुढे जावा लागतो, आणि घाईने नेला तर कोरडा होतो.

पाइनचं लाकूड जवळपास पडलेलं असेल, तो भाग पाइनचाच आहे. त्याला हात लावू नकोस, त्यात राळ असते. रंग दिलेल्या फळ्या, जुन्या पॅलेट, काही नाही. फक्त त्याने रचून ठेवलेल्या ढिगातलं.

आता माझी एक रात्र सांगतो, कारण ती नाही सांगितली तर हे सगळं पुस्तकी होईल. माझं तिसरं की चौथं वर्ष. डीकनना चर्चच्या कामाने थकवा आला होता, मी म्हटलं, तुम्ही पडा, मी बघतो. तीनच्या सुमाराला थंडी वाटली म्हणून मी पिटाच्या ठोकळ्यांना पाठ टेकून बसलो. त्याआधी, पुढचं काम आधीच करून ठेवावं या हिशेबाने, दोन खेपांचे निखारे एकदम टाकले होते आणि त्यातले बरेच मधे घरंगळले होते. डोळा लागला. जाग आली ती उजेडाने. पत्र्याच्या चारही कडांतून ज्वाळा बाहेर येत होत्या. बरगड्यांची चरबी पेटली होती. मी पाण्याची बादली उचलली आणि मागून हाक आली: पाणी नाही! डीकन अनवाणी धावत आले. पत्रा उघडला नाही, उलट ठोकळ्यांवर घट्ट बसवला, फावड्याने कडेच्या फटींना माती लावली आणि मला म्हणाले, आता हात मागे घे. हवा तुटली, आग बसली. पेटलेल्या चरबीवर पाणी कधीच टाकायचं नाही, ती उसळते आणि माणसाला भाजते. हे तू आजच डोक्यात कोरून घे.

मधला सगळा भाग कोळसा झाला होता. सकाळी शंभरावर माणसं यायची होती. डीकननी काळं झालेलं कापून काढलं, मांड्या आणि खांदे बारीक केले, आणि डीकनच्या पत्नी, म्हणजे काकू, टेबलाशी आल्या तेव्हा एवढंच म्हणाले, "आमच्याकडून रात्री जरा जास्त लागलं." आमच्याकडून. मी तिथे उभा होतो, मान वर करवत नव्हती. पुढच्या जुलैत त्यांनी फावडं पुन्हा माझ्याच हातात दिलं आणि त्या विषयावर परत कधी शब्द काढला नाही. त्या माणसासाठी मी काहीही केलं असतं.

तर हा धाक मनात असू दे, पण धसका घेऊ नकोस. पाय दुखले तरी पाठ टेकू नकोस. उभी राहा, फेऱ्या मार, पिंपातली राख उकर.

आता तुझा दुसरा प्रश्न.

हो, हे त्यांचं, काळ्या लोकांचं आहे. अगदी त्यांचंच आहे. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या बार्बाकोआवरून स्पॅनिश लोकांमार्फत आला, डुकरं युरोपातून आली, पण साउथमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, रात्र रात्र चर खणून, निखारे ओढून, डुकरं उलटवून हे काम गुलामगिरीत ज्यांनी केलं ते आफ्रिकेतून आणलेले लोक आणि त्यांची मुलंबाळं होती. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत मे १७६९ मध्ये व्हर्जिनियातल्या ॲलेक्झांड्रियाला बार्बेक्यूला गेल्याची आणि रात्रभर तिथेच राहिल्याची नोंद आहे. निखाऱ्यांवर कोण उभं होतं, ते त्या ओळीत नाही. हे मला फार लागतं. कारण डीकनचे वडील हेच काम करत. इथे तंबाखूचं शेवटचं पीक भट्टीत चढलं की मालक सगळ्यांना डुक्कर घालायचा. रात्रभर आच त्यांची, आणि सकाळी जेवणाचं पान मागच्या दाराशी. डीकन लहानपणी वडिलांसोबत असत. तंबाखूच्या भट्ट्यांवरही रात्री जागून लाकडं सारलेली, त्यामुळे आच कशी धरायची हे त्यांच्या अंगात होतं. हे ते कधी दिवसा बोलले नाहीत. पहाटे तीन-साडेतीनला, निखाऱ्यांकडे बघत, दोन-तीन वाक्यं. तेवढीच.

अलाबामात बर्मिंगहॅमला ऑलीज नावाचं बार्बेक्यूचं हॉटेल होतं. तिथे काळ्या गिऱ्हाइकांना बसून खाता यायचं नाही, खिडकीतून बांधून न्यायचं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि डिसेंबर १९६४ मध्ये कोर्टाने निकाल दिला, की नागरी हक्कांचा नवा कायदा त्या हॉटेललाही लागू आहे. डीकन तेव्हा ऐन तरुण होते, हातात कसब असलेले. इतिहास म्हणून वाचशील ते त्यांच्या घरात घडलेलं आहे. त्यांच्या पिटवर उभं राहायचं तर हे माहीत हवं.

आणि हे माहीत असूनही, किंवा असल्यामुळेच, तू जा. त्यांनी बोलावलंय. दारात येऊन कुणी हाक मारली आणि आपण 'मी लायक आहे का' याचाच विचार करत उंबऱ्यात उभे राहिलो, तर तोही हाक मारणाऱ्याचा अपमान होतो. तुला ज्याची काळजी वाटते ती गोष्ट वागण्यात दिसू दे. कुणी कौतुक केलं तर आधी नातवाचं नाव घे, मग त्याच्या आजोबांचं. "माझा बार्बेक्यू" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नकोस. रात्रीचं व्हिडिओ शूटिंग करू नकोस. एखादा फोटो हवा तर सकाळी विचारून काढ.

मसाल्याचंही सांगून ठेवतो, कारण तुझ्या डोक्यात कांदा-लसूण मसाला घोळतोय हे तुझ्या बाबांनी मला सांगितलं. घरी खांदा भाजशील त्याला काय वाटेल ते लाव, मीही लावतो, छान लागतो. तिथे नाही. त्यांच्याकडे मीठ, काळी मिरी, व्हिनेगर आणि लाल मिरचीचे तुकडे, बस. टोमॅटोचा टिपूससुद्धा नाही. इथून पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे गेलं की लोक नुसता खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घालतात, आणि या दोन भागांतले लोक एकमेकांचं खाताना मान हलवतात. साउथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस, अलाबामात डिकेटरला कोंबडीवर मेयोनीजचा पांढरा, टेक्सासात गाईच्या छातीचं मांस, ब्रिस्केट, केंटकीत ओवेन्सबरोला तर चक्क मेंढ्याचं मटण. प्रत्येक जण आपल्या आजोबांचंच खरं मानतो. त्यात मला काही वावगं दिसत नाही.

जुलैच्या आधी एखाद्या शनिवारी गाडी काढ आणि एडनला स्कायलाइट इन या बार्बेक्यूच्या हॉटेलात जाऊन ये. रॅलीहून दीड-दोन तास. पीट जोन्स यांनी ते १९४७ मध्ये सुरू केलं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. आज त्यांचा नातू सॅम त्याच पद्धतीने लाकडावर अख्खं डुक्कर भाजतो. छपरावर अमेरिकेच्या संसदेसारखा घुमट आहे, लांबूनच कळेल. आत शिरल्यावर खायची घाई करू नकोस, आधी ऐक. दोन सुरे ठोकळ्यावर सारखे चालू असतात. मांडी, खांदा, पोट, सगळ्या अंगाचं मांस एकत्र बारीक होतं आणि त्यात कुरकुरीत कातडी चिरून मिसळतात. मांडी कोरडी, पोट तुपकट, खांदा मऊ, मधेच दाताखाली कातडी कडकन वाजते. हा घास एकदा जिभेवर बसला की पिटवर रात्री आपण नक्की कशासाठी उभे आहोत ते तुझं तुला कळेल. जमलं तर दक्षिणेला, साउथ कॅरोलिनातल्या हेमिंग्वेलाही जा. रॉडनी स्कॉट यांनी तिथे घरच्या पिटवर अकराव्या वर्षी पहिलं डुक्कर भाजलं, आणि २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार, इथल्या स्वयंपाकातला मोठा मान, मिळवला. अकराव्या वर्षी म्हणजे कुणीतरी मोठं माणूस मागे उभं होतं. ते मागचं माणूस मला नेहमी दिसतं.

अशी घरं आता कमी होत चालली आहेत. लाकूड महाग, रात्रपाळीला माणूस मिळत नाही, विमेवाले पिटाला बिचकतात, म्हणून एकेकाने गॅस घेतला. डीकनचा नातू ट्रक चालवतो, आठवडा आठवडा बाहेर असतो. त्याची मुलं शार्लटला. यंदा त्याला रात्रभर जागणं झेपणार नाही हे त्याला कळलं, आणि त्याने चार चुलतभाऊ सोडून तुझं नाव घेतलं. का घेतलं ते मी त्याला विचारलेलं नाही. पण गेल्या जुलैत सगळे जेवत असताना तू एकटी पिंपातली राख काढत होतीस. ते मी पाहिलं, म्हणजे त्यानेही पाहिलं असणार.

सोबत सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आण, नायलॉनचं काही घालू नकोस, ठिणगीने चिकटतं. जाड चामड्याचे हातमोजे, बंद बूट, डोक्याला लावायचा दिवा. फावडं तिथलंच वापर. त्याचा दांडा मधे एका जागी झिजून बारीक झालाय, त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या आहेत. डीकनना जाऊन बरीच वर्षं झाली, पण हात आपोआप तिथेच जातो.

मी चारला थर्मासमध्ये चहा घेऊन येईन. त्याआधी फोन करणार नाही. साडेपाचला नातू उठेल, मग तो आणि त्याचा भाऊ डुकरावर दुसरी जाळी ठेवून ते उलटवतील. त्या वेळी तू बाजूला हो, ते दोघांचं काम आहे आणि ते दोघं लहानपणापासून एकत्र करत आलेत. कातडी खाली गेली की ती होडीसारखी होते, तिच्यात व्हिनेगर ओतायचं. ते ओतायला बहुधा तुला सांगतील.

पहिला तुकडा काकूंना देतात, गालाचं मांस, हातावर. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत, बोलणं कमी झालंय. त्या काही म्हणाल्या नाहीत तर मनाला लावून घेऊ नकोस. हात दुसऱ्यांदा पुढे येतो का, एवढं बघ.

तुझी आई येणार असेल तर तिला संकोच करू नकोस म्हणावं. साउथमध्ये शेंगा, पालेभाज्या, सगळ्यांत डुकराची चरबी पडते. तुझी काकू पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पानात नुसता कॉर्नब्रेड बघून डीकनच्या बायकोने काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी बटर बीन्सचं, म्हणजे आपल्याकडच्या डबल बीचं, वेगळं पातेलं चुलीवर होतं, चरबी न घालता शिजवलेलं. त्यानंतर एकही जुलै चुकला नाही. तुझी काकू गेल्यावरही ते पातेलं होतंच, मी एकटाच त्यातलं वाढून घ्यायचो. आता ते त्यांची सून ठेवते. मोठ्या टेबलाच्या डाव्या टोकाला असतं, झाकणाच्या मुठीला निळी चिंधी बांधलेली. ते आईला दाखव.

तुझा,
काका